दोना किटेरियाला पसंत पडेल असं मेण

३ सप्टेंबर, बुधवार

माझ्यासारखाच मढी नेण्याचा धंदा करणाऱ्या जोसिमारने आज आणखी दोन नव्या शववाहिका आणल्या. पहिलीसारख्याच पांढऱ्या. फटाके फोडले, फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलं आणि लाऊडस्पीकरवर स्वतःचंच नाव गावभर फिरवलं. गाडीच्या मागच्या बाजूला म्हणे पडदा आहे आणि त्यावर ढग सरकतात. मेलेल्या माणसाला ढग दाखवायचे! तो वरच चाललाय ना, बघेल की स्वतः. सगळं काम्पो मायोर आ वासून उभं होतं. या गावाला काहीही दाखवा, आ वासलेलाच.

आमची गाडी काळी आहे. वडिलांच्या वेळची लांबलचक कॅरॅव्हॅन मोटार. अर्ध्या गावाचे आजे-आज्या तिच्यातून गेल्या, एकाचीही तक्रार आली नाही.

लिंडाल्वा म्हणाली, "पांढरा रंग मार तिला, अब्दोराल. उन्हात ती मेलेल्या झुरळासारखी दिसते." बायकोने असं बोलावं! मी जेवलोच नाही. नंतर जेवलो, पण बोललो नाही.

खरं लिहायचं तर ऑगस्टमध्ये सगळी मढी जोसिमारकडे गेली. चांभार एरोनिडेस सुद्धा. दर शनिवारी माझ्याबरोबर प्यायचा, आणि गेला जोसिमारच्या गाडीतून. त्याची बायको म्हणाली, पांढरं कसं शांत वाटतं. मेला शांत वाटायला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दोना किटेरियाने बोलावणं पाठवलं.

बाई त्र्याण्णव वर्षांची. गावाबाहेर कार्नाउबाच्या ताडांची जेवढी म्हणून रानं आहेत, ती तिच्या घराण्याची. त्या पानांवरचं मेण विकून ते घराणं मोठं झालं आणि आम्ही त्या पानांखाली. तिची माती जो नेईल, त्याच्याकडे सगळं गाव जाईल. हे मला माहीत आहे, जोसिमारला माहीत आहे, आणि म्हातारीला आम्हा दोघांपेक्षा जास्त माहीत आहे. जोसिमारने तिला नेलं, तर माझ्या दुकानाला कुलूप. वडिलांचं दुकान, त्यांच्या वडिलांचं दुकान.

ओसरीवर आरामखुर्चीत बसली होती. तिचं सगळं करणारी सोकोर्रो शेजारी बसून काजूफळं चिरत होती.

"बस, अब्दोराल. जाड झालास," म्हातारी म्हणाली. "काल तो जोसिमार येऊन गेला. गाड्यांचे फोटो दाखवत होता. पांढरी गाडी! मी काय फ्रिज आहे?"

म्हातारी मला एकदम आवडली. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने.

"काळीच हवी मला," ती म्हणाली. "पण तुझी ती गाडी परवा चर्चसमोर उन्हात उभी होती. अरे, नुसती बारीक ओरखड्यांची कोळ्याची जाळी रे अंगभर! कशाने पुसतोस? जुन्या पायजम्याने?"

जुन्या पायजम्यानेच पुसतो. तिला कसं कळलं देव जाणे.

"माझ्या बापाने जन्मभर मेण विकलं. जगातल्या मोटारी आमच्या मेणाने चकाकल्या, आणि मी जाळ्याजळमटांतून जाऊ? चांगलं मेण शोध. दर गुरुवारी चार वाजता गाडी इथे अंगणात आणून उभी कर. ज्या दिवशी दारात मला माझं तोंड स्वच्छ दिसेल, त्या दिवशी फादरांसमोर तुला शब्द देईन. मग मी जायला मोकळी. तोवर काही मरत नाही, घाबरू नकोस."

"डॉक्टर नाताळपर्यंत म्हणालेत," सोकोर्रो पुटपुटली.

"त्याला काय कळतंय? माझा पुतण्या आहे तो."

घरी येऊन लिंडाल्वाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका मेणाच्या डबीवर अडलंय?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग उद्याच आण." बायकांना सगळं उद्याच हवं असतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस लिहू नये असा. तरी लिहितो.

मेण विकत घ्यायचं? मी? काम्पो मायोरमध्ये? इथे शेंबडं पोर सुद्धा मेणातलं पंडित आहे. ताडाची पानं सुकवताना जी पूड उडते, ती आमच्या नाकात, आमच्या भातात. मी मामेभावाकडून कच्च्या मेणाचा हा एवढा गोळा आणला, स्वयंपाकघरात रॉकेल घालून वितळवला आणि भर दुपारी गाडीला चोपडायला घेतला. सध्या ब्रो-ब्रो लागलाय, म्हणजे वर्षअखेरचे ते चार महिने, ज्यांत कुत्री सुद्धा सावली सोडत नाहीत. पत्रा तव्यासारखा तापलेला. मी चोळतोय तोवर मेण वाळून खडखडीत. जितकं घासावं तितकं पांढरं. बोनेटवर तव्याला चिकटलेल्या बेइजूच्या भाकरीसारखे पापुद्रे.

आणि नेमका तेव्हाच फोन. बेकरीवाल्याची आई गेली. त्या बिचाऱ्याने जोसिमारला न बोलावता मला बोलावलं होतं. काय करणार? गेलो तसाच.

दफनभूमीच्या फाटकाशी जोसिमार उभा. त्याचं तिथे काय काम होतं कोण जाणे. "वा, सेउ अब्दोराल! शेवटी पांढरी केलीतच म्हणायची!"

लोक हसले. अंत्ययात्रेत! बेकरीवाला रडता रडता हसला, त्याला ठसका लागला, दोघांनी त्याची पाठ चोळली. म्हातारी पेटीत होती म्हणून, नाहीतर ती पण हसली असती.

११ सप्टेंबर, गुरुवार

लिंडाल्वाने काल दिवसभर गरम पाण्याच्या फडक्यांनी गाडी शेकली.

चारला गाडी घेऊन गेलो. म्हातारीला सगळं आधीच कळलेलं. इतकी हसली, इतकी हसली की सोकोर्रो पाणी घेऊन धावली.

"अरे, माझ्या बापाने बिशपच्या मोटारीला हेच केलं होतं! बिशप तेरेझिनाला गेले ते ठिपक्यांच्या गाडीतून. गाय चालल्यासारखी वाटत होती." डोळे पुसत म्हणाली, "कच्चं मेण दगड असतं रे. पण या गावातला प्रत्येक पुरुष एकदा तरी ही माती खातो. बस, काजुइना पी."

काजूफळांच्या गार रसाची ती काजुइना प्यायलो. मग म्हणाली पत्ते खेळ. खेळलो. लबाडी करते. हुकमाचं पान मांडीखाली दडवते आणि मी बघितलं की खोकते. मोठ्या घरचे असले म्हणजे लाज सोडायला मोकळे.

२० सप्टेंबर, शनिवार

शहरात, तेरेझिनाला जाऊन आलो. दुकानात दाढीवाला विक्रेता. नॅनो म्हणाला, सिरॅमिक म्हणाला, आणखी काय काय म्हणाला. बोलताना स्वतःच्या दाढीवरून हात फिरवत होता, तिलाही काहीतरी लावलं असावं.

एक गोष्ट मात्र म्हणाला. "सेउ, काळा रंग काही लपवू देत नाही. आधी पॉलिशने ओरखडे काढा, मेण मग. मेण ओरखडे झाकतं, काढत नाही."

मी म्हटलं, आमच्या धंद्यातही तसंच असतं. त्याला समजलं नाही.

सगळं घेऊन आलो. लिंडाल्वा पिशवीकडे बघून म्हणाली, "हे गाडीसाठी, का तुझ्या डोक्यावर घालायला?"

२५ सप्टेंबर, गुरुवार

आंब्याच्या सावलीत चार दिवस गाडीचं अंग घासलं. खांदे गेले. जाळी गेली पण, हे कबूल. मग बोनेटवर कागदी चिकटपट्ट्या लावून वाफे पाडले आणि दोन वाफ्यांत दोन मेणं लावून म्हातारीपुढे नेली.

काठीने दाखवून बोलते, शाळेतल्या मास्तरीणबाईसारखी.

"हे पातळवालं काय आहे? डोक्याला वाटीभर तेल थापलेला नवरदेव! पुस. आणि हे नवीन वैज्ञानिक? प्लास्टिक. मी मेल्यावर बादलीतून जायचं का?"

मलाही तसंच वाटत होतं, पण मी तिला बोलू दिलं. म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं.

पत्त्यांत पुन्हा हरलो. पुन्हा मांडीखाली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज डबीतलं घट्ट मेण लावून नेलं. जर्मनीची डबी. बोटभर घेऊन, पातळ लावून, वाळल्यावर मऊ फडक्याने उतरवायचं. सावलीत. (सावलीत! आता कळलं.)

म्हातारी सोकोर्रोचा हात धरून उठली, वाकली, वास घेतला.

"हे आमचं आहे," म्हणाली. "पानांवरून झाडलं, पोत्यात भरलं, समुद्रापार गेलं आणि सुटाबुटात परत आलं. आमच्या पुतण्यासारखं."

बोनेटचा तो वाफा ओला दिसत होता. हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल असा. मला ते आवडलं, हे लिहून ठेवतो, कारण ही वही मी सोडून कुणी वाचत नाही.

पण आपलंच मेण आपल्यालाच डबीत घालून विकतात म्हणजे काय? आणि डाव्या कोपऱ्यात किंचित धुरकट छटा होती. तिला दिसली नाही, मला दिसली. म्हटलं, "दोना, हे काही खरं नाही. दुसरं बघतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू म्हणशील तसं," म्हणाली. "पत्ते काढ."

डबी फळीवर टाकली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मधमाश्यांच्या मेणाचं मिश्रण. धूळ धरतं. नापास.

जाताना पिवळी काजूफळं नेली होती. तिला लाल आवडत नाहीत. धंद्यात असं लक्षात ठेवावं लागतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

जोसिमारने तिला पंखा भेट दिला! उभा, चांगला कमरेएवढा, तीन बटणांचा. ओसरीत घरघरत होता आणि माझे पत्ते उडवत होता. मी म्हटलं, "दोना, याने सर्दी होते."

"हवा छान येते की."

"छातीत भरते. तुमच्या वयाला."

"अब्दोराल, मी सर्दीने मेले तर तुझंच काम होणार ना?"

असला घाणेरडा विनोद करतात का? पंखा बंद करून आलो. जोसिमार एक नंबरचा हलकट आहे. उन्हाने व्याकूळ म्हातारीला पंखा देतो. मला का नाही सुचलं?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लिंडाल्वा विचारते, आज मंगळवार आहे, आज कुठे होतास? तिला सांगितलं, मेणाची परीक्षा वेगवेगळ्या दिवसांच्या उजेडात करावी लागते. ती म्हणाली, "आणि गाडी दारातच होती ती?"

गाडी विसरलो होतो. उन्हाने डोकं फिरतं माणसाचं.

म्हातारीने आज तिच्या नवऱ्याचं सांगितलं. तो नाचताना मेला, सत्तेचाळीस वर्षांचा, संत अंतोनियोच्या जत्रेत. "माझ्या वडिलांनीच नेलं असेल त्यांना," मी म्हटलं. "हो," म्हणाली, "आणि तुझा बाप पूर्ण रस्ता रडत होता. त्याच्याकडून काही शीक." मी म्हटलं, वडिलांना धंद्यातलं काही कळत नव्हतं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज मृतांचा दिवस. सगळं गाव दफनभूमीत, मेणबत्त्या, फुलं, भाजलेल्या काजूंच्या गाड्या. दरवर्षीप्रमाणे मी कॅरॅव्हॅन फाटकाजवळ उभी केली. या आठवड्यात पुन्हा सगळं अंग पॉलिश करून वर आणखी एक मेण चढवलं होतं.

लोक थबकत होते. एका बाईने तिच्यात बघून कानातली नीट केली. पोरं दारात जिभा काढून दाखवत होती. बेकरीवाला म्हणाला, "सेउ अब्दोराल, ही गाडी आहे का तळं?" जोसिमार आपल्या ढगांच्या पडद्याजवळ एकटाच उभा होता. ढग सरकत होते. कुणी बघत नव्हतं.

लिंडाल्वा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "झालं की रे," म्हणाली. "मिळालं मेण. उद्या जाऊन शब्द घेऊन ये."

"कुठलं झालं? टपावर बघ. कोपरा बघ."

तिने टप बघितला. कोपरा बघितला. मग मला बघितलं.

"बरं," म्हणाली. "शोध अजून." आणि माझा दंड दाबला, तापातल्या मुलाशी बोलावं तसं. मला ताप नव्हता. ही बाई कधी कशी वागेल सांगता येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

म्हातारी झोपून होती. सोकोर्रो दारातच म्हणाली, आज नको. अंगणात गाडी तशीच उभी ठेवून थोडा वेळ ओसरीत बसलो. पत्ते पिसत बसलो. एकट्याने काही मजा येत नाही. लबाडी करायला सुद्धा समोर कुणी लागतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पुतण्या आला तेरेझिनाहून, डॉक्टर लेओन्सियो. माझ्या दुकानात येऊन, खुर्चीवर न बसता बोलला. खुर्ची रुमालाने पुसली आणि तरी बसला नाही. "काकूने अजून कुणाला शब्द दिलेला नाही. या महिन्यात तिने काही सांगितलं नाही, तर आम्ही जोसिमारचं ठरवतोय. सोयीचं पडेल."

सोयीचं! काकूला न्यायचंय का सोफा?

तो गेल्यावर लिंडाल्वा कमरेवर हात ठेवून समोर उभी. "आत्ताच्या आत्ता गाडी ने. आज जिवंत आहे, उद्याचं काय सांगावं? तिला दिसू दे तिचं तोंड आणि घे शब्द!"

मी म्हटलं, पार्नाइबाला एक नवीन मेण आलंय म्हणतात, ते एकदा बघून येतो.

"पार्नाइबाला? तिकडे तू जाऊन येईस्तोवर इकडे दुकान बुडेल, अब्दोराल!"

"बुडू दे," असं माझ्या तोंडून निघालं.

असं का निघालं मला कळलं नाही. माझ्या आज्याचं दुकान आहे. मी असं कधीच म्हणणार नाही. ऊन फार आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सोकोर्रो मोटरसायकलवर मागे बसून स्वतः आली. "दोना म्हणतात, गाडी नसली तरी चालेल, तू ये."

चालत गेलो. पलंगावर होती. एवढीशी दिसत होती. ती खुर्चीत कधी एवढीशी दिसायची नाही.

"मेण मिळालं?"

"नाही अजून. बाजारात सगळा कचरा आहे, दोना. लोकांना कामाची लाज राहिलेली नाही."

"खोटारड्या. तुझं तोंड सगळं सांगतं. पत्त्यांत म्हणून तर हरतोस."

"मी हरतो कारण तुम्ही पान मांडीखाली ठेवता."

हसली. मग खोकली, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. सोकोर्रोने पाठीला उशी लावली. नंतर हळू म्हणाली, "मी थकले रे, अब्दोराल. पुढच्या गुरुवारी गाडी आण. कुठलंही लाव."

"कुठलंही कसं लावू? मी काय जोसिमार आहे?"

"मग चांगलं लाव. पण आण."

म्हातारी माणसं नाटकं करतात. माझी आईही असंच थकले थकले म्हणायची आणि आणखी नऊ वर्षं जगली. येताना रानाच्या कडेने आलो. पानं झाडायचं काम चाललंय, पूड उडत होती, डोळ्यांत गेली. घरापर्यंत जात नव्हती.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ऊन चढायच्या आत आंब्याखाली काम सुरू केलं. पार्नाइबाचं लावून बघितलं, पुसलं. फळीवर ऑक्टोबरपासून ती जर्मन डबी पडलेली होती. लावली. डाव्या कोपऱ्यातली ती धुरकट छटा दिसेना. बहुतेक ठेवून ठेवून मुरलं असावं. लोणचं मुरतं तसं मेणही मुरत असणार. कुणी सांगितलेलं नाही, पण मुरतच असणार.

लिंडाल्वाने न सांगता चाकं पुसली. मी चुकून पुसायच्या त्या जुन्या पायजम्याला हात घातला, तर तिने हातातून काढून घेतला आणि स्वतःचा फ्लॅनेलचा झगा फाडून दिला.

चार वाजता अंगणात उभी केली. फादर आले होते. सोकोर्रोने आणि मी म्हातारीला खुर्चीसकट उचलून गाडीच्या दाराशी नेलं. काही वजनच नव्हतं. आमच्या धंद्यात वजनाचा अंदाज असतो. मला तो आज नको होता.

ती वाकली. बराच वेळ बघत होती.

"ही म्हातारी कोण?"

"तुम्हीच, दोना."

"मला वाटलं आई आली." मग तिने मान तिरकी केली. "आणि शेजारी तो जाड्या कोण? रडतोय का?"

"घाम आहे."

"डोळ्यांतून?"

"ब्रो-ब्रो आहे, दोना."

"बरं बरं. फादर, ऐका. मी काळ्या गाडीतून जाणार. याच्या. पुतण्याने काही चूं केली तर त्याला सांगा, मी स्वतः तोंड बघितलंय." फादरांनी मान डोलावली. शब्द मिळाला. दुकान वाचलं. जोसिमारचं नाक कापलं. तीन महिने ज्याच्यासाठी खांदे मोडून घेतले ते मिळालं, आणि मी तिथे उभा, दगडासारखा.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "आता मला पुढे बसव."

"कुठे?"

"पुढच्या सीटवर. मागे झोपेन तेव्हा काही दिसणार आहे का?"

फादर नको म्हणाले, सोकोर्रो नको म्हणाली, मी तर शंभर वेळा नको म्हणालो. या गाडीत पुढच्या सीटवर चालवणाऱ्याशिवाय कधी कुणी बसलेलं नाही. बसवली. सोकोर्रोला मागे पेटीच्या जागी बसावं लागलं, ती छातीवर क्रॉस काढत बसली. रानातून हळूहळू एक फेरी मारली. कार्नाउबाचे ताड बोनेटमध्ये उलटे चालत होते, त्यांच्यामागे ढग.

"बघ," म्हातारी म्हणाली, "ढग. आणि त्या मूर्खाला पडदा लावावा लागला."

इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. लिंडाल्वाने ही वही वाचली तर मी मेलो.

१० डिसेंबर, बुधवार

काल पहाटे दोना किटेरिया गेली. आज नेली.

सगळं गाव होतं. तेरेझिनाच्या मोटारी होत्या. लेओन्सियोने माझा हात हातात घेऊन हलवला. बेकरीवाल्याने दुकान बंद ठेवलं होतं. जोसिमार टोपी काढून उभा होता. सगळे म्हणाले, गाडी अशी चमकत होती की डोळे दिपत होते. मला माहीत नाही. मी रस्त्याकडे बघत होतो, आणि पूर्ण रस्ता मला नीट दिसला नाही.

आज कुणाला नावं ठेवायला सुचत नाही.

आठवण येते. लिहिलं एकदाचं.

१८ डिसेंबर, गुरुवार

तीन घरची माणसं येऊन सांगून गेली की त्यांना काळीच गाडी हवी, आणि माझीच. बेकरीवाला तर म्हणाला, मी मेल्यावर पुढच्या सीटवर बसवून न्या. हे गाव! चार महिन्यांपूर्वी पांढरं शांत वाटत होतं यांना.

चारच्या सुमाराला जोसिमार आला. बाहेरच घुटमळत होता. शेवटी मीच म्हटलं, "ये, आत ये, पांढऱ्या गाडीतून आलास म्हणून काय बाहेर उभा राहणार आहेस?"

बसला. टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. "सेउ अब्दोराल, मी पण एक काळी गाडी घेतोय. तुम्ही रागावू नका. पण ते मेण कुठलं ते सांगा. पुन्हा कधी उपकार मागणार नाही."

खरं म्हणजे हाकलून द्यायला हवं होतं. फळीवरून डबी काढली आणि त्याच्या हातात दिली. तळाला थोडं राहिलं होतं.

"हेच. पण एवढ्यात लावू नकोस," मी म्हटलं. "आधी बाकीची सगळी आण. एकेक लाव, एकेकात खोट काढ. ही डबी फळीवर ठेवून दे. जितका उशीर करता येईल तितका कर."

तो डबी उलटीसुलटी करून बघत होता. "उशीर केल्याने चमक वाढते?"

"नाही. पण समोरच्या माणसाला तेवढे गुरुवार जास्त मिळतात."

त्याने डबी टोपीत ठेवली. काही कळलं नाही त्याला. ढग दाखवणाऱ्याला काय कळणार.